इब्रुटिनिब न्यायला येताना घरातली सगळी औषधं बरोबर आणा

लिम्फोमासाठी, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी, इब्रुटिनिब चालू असलेले बरेच रुग्ण आमच्या मेडिकल दुकानातून औषध नेतात. कुणाचे डॉक्टर बेळगावातच आहेत, कुणाचे मिरजेला, कुणाचे पुण्या-मुंबईला. औषध कसलं आणि कशासाठी हे तुम्हाला ठाऊक आहेच. हे पत्रक काढावं लागलं ते काउंटरवर रोज अडणाऱ्या एका गोष्टीमुळे. "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारलं की उत्तर येतं, "बीपीची ती बारकी पांढरी गोळी की ओ." बीपीच्या बारक्या पांढऱ्या गोळ्या आमच्या कपाटात कितीतरी कंपन्यांच्या आहेत. मग घरी फोन लावायचा, घरी आई एकटी, तिला स्ट्रिपवरचं इंग्रजी वाचता येत नाही. खानापूर, नंदगडकडची मंडळी तर नाव बघायला परत गावी जातात आणि दुसऱ्या बसने पुन्हा येतात. अख्खा दिवस मोडतो, आणि तोही आजारी माणसाच्या घरचा.

हे विचारण्याचं कारण असं. इब्रुटिनिब शरीरात मोडण्याचं काम मुख्यतः यकृतातलं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम करतं. काही औषधं या एन्झाइमला अडवतात आणि मग इब्रुटिनिब रक्तात साठत जातं. केटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाबरोबर तपासलं तेव्हा इब्रुटिनिबचं रक्तातलं एकूण प्रमाण सुमारे २४ पट झालं होतं. म्हणजे डोस बरोबर मोजून घेतला तरी शरीराला तो कितीतरी मोठा पडतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त धोका आम्हाला गजकर्णाच्या औषधाचा वाटतो. बेळगावचा पाऊस लांबतो, कपडे वाळत नाहीत, जांघेत-काखेत गजकर्ण उठतं आणि घरात आधीच कुणासाठी तरी आणलेली इट्राकोनॅझोलची कॅप्सूल रुग्ण घेऊन टाकतो. त्याला ती साधी खाजेची गोळी वाटते. इब्रुटिनिबबरोबर ती अजिबात साधी नाही. फ्लुकोनॅझोल, घशासाठी देतात ते क्लॅरिथ्रोमायसिन, बीपी किंवा हृदयासाठीचं डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांचंही तसंच. उलट टीबीचं रिफाम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपाइन चालू असेल तर एन्झाइमचा वेग वाढतो. रिफाम्पिसिनबरोबर इब्रुटिनिब रक्तात जेमतेम दहावा हिस्सा उरतं. एवढं महागडं औषध रोज घेऊनही मग त्याचा उपयोग होत नाही.

दुसरी काळजी रक्तस्रावाची. इब्रुटिनिबमुळे रक्त गोठायला वेळ लागतो. त्यात पाठ दुखली म्हणून डायक्लोफेनॅक, डोकं दुखलं म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतलं की धोका वाढतो. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि व्हिटॅमिन ई हीसुद्धा विचारल्याशिवाय नकोत. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारं इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन आधीपासून चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका, पण कॅन्सरच्या डॉक्टरांना ते माहीत आहे ना, याची खात्री करा. दात काढायचा असेल किंवा छोटं-मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर तारीख घेण्याआधीच सांगा. ऑपरेशनच्या मानाने आधी आणि नंतर ३ ते ७ दिवस इब्रुटिनिब थांबवावं लागतं. किती दिवस, ते डॉक्टर ठरवतात.

काढ्यांबद्दलही लोक विचारतात. बाटलीवर सगळे घटक लिहिलेले नसतात, म्हणून आम्ही "घ्या" असं सांगत नाही. यावरून काहीजण नाराज होतात, तरी आमचं उत्तर तेच राहील. फळांमध्ये ग्रेपफ्रूट आणि मार्मलेडचं कडू संत्रं वर्ज्य, कारण तीही तेच एन्झाइम अडवतात. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारं पपनस ग्रेपफ्रूटच्याच कुळातलं आहे, तेही टाळा. नेहमीच्या गोड संत्र्याला हा नियम लागू नाही.

"पैसे देऊन औषध नेतोय, एवढी चौकशी कशाला? दुसरीकडे कुणी विचारत नाही," असंही आम्ही ऐकतो. आमच्याकडे इब्रुटिनिबच्या प्रत्येक रुग्णाच्या नावाने एक पान असतं. त्यावर चालू असलेली सगळी औषधं आणि डॉक्टरांचा फोन लिहिलेला असतो. नवीन चिठ्ठीत न जुळणारं औषध दिसलं तर आधी डॉक्टरांना विचारतो, मगच बाटली देतो. डोस आम्ही कधी बदलत नाही. कामाला पाच-दहा मिनिटं लागतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाही, आणि ही पद्धत आम्ही सोडणार नाही. तुम्ही फक्त सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत टाकून आणा. रिकाम्या झालेल्याही चालतील. ते जमलं नाही तर मोबाइलवर फोटो काढा, नाव असलेली बाजू दिसेल असा.

बाकी थोडक्यात. कॅप्सूल रोज एकाच वेळी, ग्लासभर पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. उघडून दह्यात-दुधात मिसळायची नाही. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. शेजारच्या रुग्णाला ४२० मिलिग्रॅम आणि तुम्हाला ५६० असेल तर गोंधळू नका, लिम्फोमाच्या प्रकाराप्रमाणे डोस बदलतो. वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दिवस उलटला तर तो डोस सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही. औषध मूळ बाटलीतच, साध्या तापमानात ठेवा. जुलाब झाले तर पाणी भरपूर प्या आणि डॉक्टरांना कळवा. गर्भवतींनी फुटलेल्या कॅप्सूलला हात लावू नये. पहिल्या काही आठवड्यांत रक्ततपासणीत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसले की घरचे घाबरून औषध बंद करायला निघतात. गाठींमधल्या पेशी रक्तात उतरतात म्हणून अनेकांत असं होतं. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, औषध चालू ठेवा.

मात्र काळी शी, लघवीतून रक्त, अचानक जोराचं डोकं दुखणं, छातीत धडधड, भोवळ किंवा ताप यांपैकी काही झालं तर आमच्याकडे न येता थेट दवाखान्यात जा.

हे औषध आम्ही रुग्णाच्या नावाने मागवतो, कपाटात जास्तीचा साठा नसतो. आठवडाभराच्या कॅप्सूल उरल्या की फोन करा आणि ताजी चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. औषध देताना मूळ चिठ्ठी लागतेच. बाटली आली की आम्ही कळवतो. निपाणी, चिकोडी, खानापूरच्या मंडळींनी त्यानंतरच निघावं, आणि निघताना पिशवी घ्यावी.