पाणवनस्पतींच्या टाकीतील शेवाळ

गोड्या पाण्याच्या, जिवंत वनस्पती लावलेल्या मत्स्यटाकीत पाने, लाकूड, दगड व काचेवर धरणारे आणि खरवडले तरी पुन्हा येणारे शेवाळ. थोडेफार शेवाळ निरोगी टाकीतही असते. ते वनस्पतींवर मात करू लागले की इलाज करावा लागतो. ग्रामीण विदर्भात त्याला बोअरचे क्षारयुक्त पाणी, उन्हाळा आणि भारनियमन यांची साथ मिळते. ही तीन कारणे तशीच ठेवून नुसते औषध टाकले, तर महिन्याभरात शेवाळ परत येते.

सर्वांत चिवट ते काळे दाढीशेवाळ. हौशी लोक त्याला ‘बीबीए’ (ब्लॅक बिअर्ड अल्गी) म्हणतात. हे तांबड्या शैवालांच्या गटातले असून त्याचा झुपका स्पिरिटमध्ये बुडवला की तांबूस पडतो. जुन्या पानांच्या कडा आणि फिल्टरच्या पाइपचे तोंड या त्याच्या आवडत्या जागा. साचलेली घाण आणि कार्बन डायऑक्साइडचे सतत कमी-जास्त होणे त्याला मानवते.

त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड चालते. मात्र मेडिकलमध्ये मिळणारे बहुधा ६ टक्क्यांचे असते, म्हणून बाटलीवरचा आकडा पाहावा आणि तो ६ असेल तर द्रावणाइतकेच पाणी मिसळून ते ३ टक्के करावे. १०० लिटर पाण्याला अशा द्रावणाचे २५ मिली पुरे. फिल्टर बंद करून सिरिंजने ते झुपक्यांवर सावकाश सोडावे, १०-१५ मिनिटे थांबावे, मग फिल्टर सुरू करून ३० टक्के पाणी बदलावे. औषध लागलेले शेवाळ दोन-तीन दिवसांत गुलाबी, नंतर पांढरे पडते. एका वेळी टाकीचा तिसरा भागच घ्यावा, कारण मेलेले शेवाळ कुजून अमोनिया वाढतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड मारू लागले तर लगेच पाणी बदलावे. मॉस व व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पती आणि झिंगे यांना हा उपाय सोसत नाही.

काचेवरचे कडक हिरवे ठिपके बहुधा फॉस्फेट कमी पडल्याचे लक्षण. संत्र्याच्या पट्ट्यात कृषी केंद्रात सहज मिळणारे ०:५२:३४ हे विद्राव्य खत येथे कामी येते: १०० लिटरला ०.१५ ग्रॅम टाकले की फॉस्फेट सुमारे १ पीपीएमने (लिटरला १ मिलिग्रॅम) वाढते. नायट्रेटसाठी तेवढ्याच पाण्याला १३:०:४५ या खताचे १.६ ग्रॅम घेतले की १० पीपीएम मिळते. १९:१९:१९ मात्र टाकीत घालू नये. त्यात युरिया व अमोनियम असते, त्याने मासे दगावतात आणि शेवाळ फोफावते. निळसर-हिरवा, वासाचा, सालीसारखा निघणारा थर हे खरे तर जिवाणू असतात. तो नळीने ओढून काढावा आणि टाकी तीन दिवस पूर्ण झाकून ठेवावी. या काळात हवेचा पंप चालूच हवा.

पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरने मोजून घ्यावे. बोअरचे ९०० आणि गावातल्या आरओ प्लांटचे ५० असेल, तर बोअरचे एक भाग व आरओचे तीन भाग मिसळून सुमारे २६० येते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मात्र पाण्यात सोडियमच जास्त असल्याने बोअरचे पाणी मिसळूच नये. आरओच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घालावेत. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यास पाणी दोन-चार अंशांनी उतरते, पण कूलर चालू असलेल्या दमट खोलीत हा फरक कमी पडतो. उडालेल्या पाण्याची भर आरओनेच घालावी, नाहीतर क्षार साठत जातात.

चकतीचा साधा टायमर वीज जाईल तितका मागे पडतो आणि दिवे भलत्याच वेळी लागतात. बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर घ्यावा. शेवाळ आटोक्यात येईपर्यंत दिवे सहा तासच ठेवावेत. वीज काही तास गेली की बंद कॅनिस्टरमधला (टाकीबाहेरच्या डबाबंद फिल्टरमधला) ऑक्सिजन संपून घाण पचवणारे उपयुक्त जिवाणू मरू लागतात. असा फिल्टर उघडून आतले स्पंज टाकीच्याच पाण्यात धुतल्याशिवाय सुरू करू नये.

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांतून हायड्रिला ही पाणवनस्पती आणल्यास पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात (लिटरला १० मिलिग्रॅम) दहा मिनिटे बुडवून, खळखळून धुऊन मग लावावी. ती झपाट्याने वाढून शेवाळाच्या तोंडचे पोषण पळवते. दुकानदार ‘काच साफ करतो’ म्हणून सकर मासा हमखास गळ्यात मारतात. तो दाढीशेवाळाला तोंड लावत नाही, फूटभर वाढतो आणि रोपे उपटतो. कंटाळून तो तलावात सोडला, तर तेथे तग धरून स्थानिक माशांच्या मुळावर येतो.