१ जूनच्या आधीची गोष्ट: कोकणातल्या जन्मतारखा कुठे हरवल्या

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांची आधार कार्डं बघितली की १ जून ही तारीख पुन्हा पुन्हा दिसते. कारण सगळ्यांना माहितीय. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला घेऊन घरातलं कोणीतरी यायचं, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, उत्तर यायचं शिमग्यातला, होळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि रजिस्टरात रकाने होते इंग्रजी तारीख, महिना, साल, मग वय बसेल असं साल धरायचं आणि पुढे १ जून टाकायचं. पण ह्यावरून जे सरसकट बोललं जातं ना, की पूर्वी लोकांना जन्मतारीख माहीतच नसायची, ते मला अजिबात पटत नाही. आईला बऱ्याचदा दिवस अगदी पक्का माहीत असायचा, फक्त तो वेगळ्या कालगणनेत होता, आणि एकातून दुसरीत नेताना गळून गेला.

आणि आपल्या किनाऱ्यावर कालगणना एक-दोन नव्हत्याच. सतराव्या शतकात बघा, चौल-रेवदंड्याला आणि वसईला पोर्तुगीज, त्यांच्याकडे पोप ग्रेगरीचं १५८२ चं नवीन कॅलेंडर, वेंगुर्ल्याच्या वखारीतले डच पण तेच पाळणारे, आणि राजापूरच्या वखारीतले इंग्रज मात्र जुनं ज्युलियन धरून बसलेले, म्हणजे एकाच समुद्रावर एकाच दिवशी दोन तारखा, दहा दिवसांच्या फरकाने. त्यात इंग्रजांचं वर्ष बदलायचं २५ मार्चला, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या कागदावरचं साल पण तपासून घ्यावं लागतं. हे त्यांनी थेट १७५२ मध्ये सुधारलं, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर. मराठी कागदांत शके आहे, शिवाय सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलणारा शुहूर सन आहे, ज्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, आणि दिवस सांगायला कित्येकदा हिजरी महिने.

ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण रायगडावरच आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आपण ६ जून १६७४ म्हणतो, ती इंग्रजांची म्हणजे ज्युलियन तारीख, इंग्रजांचा वकील ऑक्झिंडेन तेव्हा गडावर होता. आजच्या कॅलेंडरने तोच दिवस १६ जून येतो. तिथी आपण ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी धरतो, पण जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार असं आहे. चुकलं कोणीच नाही. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती असं तिथेच लिहिलंय, म्हणजे उजाडायला साधारण सव्वा तास बाकी, आणि आपला वार बदलतो सूर्योदयाला, त्यामुळे पंचांगाने तो शुक्रवारच, मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्यांसाठी शनिवार लागलेला. पहाटे जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत हाच प्रकार होतो. आजी म्हणते गुरुवारची पहाट, दाखल्यावर निघते शुक्रवारची तारीख, आणि मग आजी विसरली असं ठरवून मोकळे होतात.

कोकणी मुसलमान आणि बेने इस्रायली म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांत तर दिवस सूर्यास्तालाच सुरू होतो, म्हणजे संध्याकाळी आठला झालेलं बाळ उद्याच्या दिवसाचं. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, त्यामुळे आपण ज्याला ६६ वर्षांचा म्हणतो तो त्या हिशोबाने ६८ चा भरतो, आणि महिना चंद्रदर्शनावर ठरतो हे लक्षात घ्या, आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ कसं असतं ते वेगळं सांगायला नको. वय दोन वर्षांनी जास्त सांगितलं म्हणून म्हाताऱ्या माणसाला खोटं ठरवायचं कारण नाही.

आता अधिक महिना. इथे जरा थांबतो, कारण खरी गडबड इथे होते.

रायगडच्या बाजूला अजूनही रामदास बोट बुडाली ते साल अशी खूण सांगतात. मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ ला, गुरुवारी बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, लोकांच्या आठवणीत तो गटारीचा दिवस आहे. आता समजा कोणी म्हणालं की रामदास बुडाली त्यानंतरच्या श्रावणात, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मी झालो. सोपं वाटतं, पण त्या वर्षी श्रावण दोन होते. १८ जुलैच्या अमावास्येनंतर लागला तो अधिक श्रावण, निज म्हणजे नेहमीचा श्रावण लागला १७ ऑगस्टला, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ हा दिवससुद्धा अधिक श्रावण वद्य चतुर्दशीचा. पुनवा पण दोन, एक ऑगस्टच्या सुरुवातीला आणि दुसरी ३१ तारखेला. महिनाभराचा फरक, आणि मधे देशच स्वतंत्र झालेला! पण हेच जर आईने नारळी पौर्णिमा म्हटलं असेल तर शंकाच नको, सण अधिकात होत नाहीत, त्यामुळे ३१ ऑगस्टच. कोळीवाड्यातल्या बाईने दर्याला नारळ दिला तो दिवस सांगितला तर तो कुठल्याही रजिस्टरइतका पक्का आहे, माझ्या मते जास्तच. आणि अधिकात जन्मलेल्यांचा तिथीचा वाढदिवस एरवी निज महिन्यात करतात, तोच अधिक श्रावण पुन्हा बघायचा तर १९६६, १९८५, २००४, २०२३ अशी एकोणीस-एकोणीस वर्षांची चाल लक्षात ठेवायची, मधे एखादा आणखी येतो.

ह्याच्या उलट पावसाची नक्षत्रं. ती सूर्यावर चालतात म्हणून इंग्रजी तारखेला जवळपास घट्ट आहेत, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ ला, मग तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य. लावणी चालू होती, तरणा लागला होता, एवढं जरी कळलं तरी साल माहीत असेल तर पंधरवडा हातात येतो. त्यात वार मिळाला की दोनच दिवस उरतात, आणि तिथी मिळाली तर एकच. वार ही सगळ्यात कामाची गोष्ट, कारण सात दिवसांचा आठवडा सगळ्यांचा एकच आहे. रायगड-पालघरकडच्या कातकरी, वारली घरांत सोम्या, बुध्या अशी नावं असतात, तिथे तर वार नावातच जपलेला आहे.

पंचांगातही एकमत नाही बरं. टिळक पंचांग पाळणारी घरं कोकणात आहेत, त्यांचा अयनांश, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची तो हिशोब, साधारण चार अंशांनी वेगळा, म्हणून त्यांची मकरसंक्रांत १० जानेवारीला असते, आणि काही वर्षी अधिक महिनाच वेगळा पडून गणपती महिनाभर आधी येतात. अशा घरातली तिथी नेहमीच्या पंचांगात शोधली तर सापडणार नाही. जन्मवेळेचंही तसंच, मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि मुंबईत ती १९५५ पर्यंत वापरात राहिली, त्यामुळे जुन्या पत्रिकेतली वेळ कुठल्या घड्याळाची ते आधी विचारावं. ख्रिस्ती कुटुंबांत चर्चची वही असते, पण त्यात दिवस असतो तो बाप्तिस्म्याचा, जन्म त्याच्या आधीचा.

हा सगळा गुंता सोडवायचं काम ज्याने मनावर घेतलं तो माणूस आपल्याच दापोली तालुक्यातल्या मुरुडचा, शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३. त्यांनी रॉबर्ट सेवेलबरोबर १८९६ मध्ये हिंदू आणि मुसलमानी तारखांवरून इंग्रजी तारीख काढायची कोष्टकं छापली, आणि दोनच वर्षांनी गेले. म्हणजे साधन शंभर वर्षांपूर्वीपासून होतं, शाळेच्या टेबलापर्यंत पोचलं नाही एवढंच. मालवणच्या जयंतराव साळगांवकरांचं कालनिर्णय १९७३ मध्ये निघालं तेव्हापासून घरोघरी तिथी आणि तारीख एका चौकोनात आली, त्यामुळे नंतरच्या मुलांचा प्रश्न बराच कमी झाला.

सरकारी बाजूने १८८६ चा नोंदणीचा कायदा ऐच्छिक होता, सक्ती आली १९६९ च्या कायद्याने, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा. जुन्या लोकांना आजही उशिराची नोंद करता येते, वर्षापेक्षा जास्त उशीर असेल तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने. पण तिथे बहुतेक जण शाळा सोडल्याचा दाखला जोडतात, त्यावरचा १ जून मग डिजिटल नोंदीत कायमचा बसतो. घरात अजून आई, आत्या, मावशी कोणी सांगणारं असेल तर वार, तिथी, सण, पाऊस, कुठली बोट, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत आजच लिहून ठेवा, तारीख नंतर कोणीही काढून देईल.