६९ मिलिमीटरचे २८ कसे झाले?

भाच्याचा साखरपुडा ठरला आणि त्यानं जाहीर करून टाकलं, "अंगठी मी करणार. मामाच्या लेथवर." तो वाळूजला एका कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर असतो. तिथं टूल धातूला कुठं भिडतं ते काचेआड, कूलंटच्या फवाऱ्यात दडलेलं. माझा लेथ म्हणजे छत्रपती संभाजीनगरातल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधलं, टेबलावर मावणारं, रॉड गरगर फिरवून टूलनं त्याला आकार देणारं मशीन. सगळी चाकं हातानं फिरवायची. पहिल्याच कटला चकाकती चिप, म्हणजे निघालेल्या धातूची पट्टी, वळत वळत बाहेर पडली तसा तो ओरडला, "मामा, हे तर पेरू सोलल्यावानी सोलायलंय!"

या पेरूपायी हा लेख लिहितोय. टर्नर ट्रेड शिकवण्यात माझी वर्षं गेली आणि दर वर्षी नवी बॅच हेच म्हणायची. टूल म्हणजे सुरी, चिप म्हणजे साल. डोळ्यांना दिसतंही तसंच. पण धातू सोलला जात नाही.

आधी अंगठीची कृती उरकून टाकतो, ती अवघड नाही. बोटाला दोरा गुंडाळून मोजला, ५५ मिलिमीटर. पायनं भागलं, आतला व्यास १७.५. ३१६ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचा २२ मिलिमीटरचा रॉड चकमध्ये (लेथच्या फिरत्या जबड्यात) धरायचा, तोंडाला फेसिंग करून ते सपाट करायचं, मधोमध १६ चं ड्रिल, मग भोक रुंदावणाऱ्या बोरिंग टूलनं हळूहळू १७.५ पर्यंत. बाहेरून २१ वर आणायचं, कडा मारायच्या, पॉलिश पेपर आणि शेवटी पार्टिंग टूलनं अंगठी रॉडपासून तोडायची. गरम जॉब मोजायचा नाही. स्टेनलेस १०० अंशांनी तापलं तर एवढ्या व्यासात जवळजवळ तीन शतांश मिलिमीटर फुगतं, आणि थंड झाल्यावर भोक तेवढंच बारीक भरतं.

आता पेरू. भाच्याला म्हटलं, तुझी साल मोजू. सरावासाठी ३०४ प्रकारच्या स्टेनलेसचा तुकडा घेतला. वाटी-ताटाचं स्टील, १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. त्यावर हॅक्सॉनं लांबीला एक उथळ खाच पाडली. म्हणजे दर फेऱ्याला खाच आली की चिप तुटणार, आणि हाती आलेला प्रत्येक तुकडा बरोबर एका फेऱ्याचा असणार. मिनिटाला ३०० फेरे, कट अर्ध्या मिलिमीटरचा, फीड, म्हणजे टूलचं पुढं सरकणं, फेऱ्याला ०.१ मिलिमीटर. रॉडचा घेर ६९ मिलिमीटर. साल असेल तर तुकडा ६९ लांब आणि ०.१ जाड हवा.

ट्रेमधून चिमट्यानं एक तुकडा उचलला. वळलेला होता, म्हणून त्याच्या अंगानं दोरा धरून दोरा मोजला. २८ मिलिमीटर. मायक्रोमीटरनं जाडी पाहिली, ०.२५. रुंदी मात्र होती तेवढीच. भाच्यानं दुसरा तुकडा मोजला, तिसरा मोजला, मग माझ्या मायक्रोमीटरवर संशय घेतला.

मायक्रोमीटर ठीक होता. धातू स्पंजासारखा दबून लहान होत नाही, त्याचं आकारमान कायम राहतं. जाडी अडीच पट झाली की लांबी अडीच पटीनं घटणारच. पेरूची साल कधी पेरूवर होती त्याच्या अडीच पट जाड होऊन निघते का?

हे का होतं ते कळायला शेतात जाऊ. आपल्या काळ्या रानात नांगर चालताना फाळाच्या टोकाकडं नाही, त्याच्या थोडं पुढं पाहा. फाळ अजून पोचलेला नसतो, तरी जमिनीवर भेग पडते आणि टोकापासून त्या भेगेपर्यंत तिरका तुटलेला मातीचा तुकडा वर सरकतो. मग त्याच्यामागचा, मग त्याच्यामागचा. फाळ माती कापत नाही, ढकलतो. माती आपल्या सोयीच्या तिरक्या वाटेनं घसरते. टूलपुढं स्टीलचं नेमकं हेच होतं, फक्त ती घसरण एका तिरक्या पातळ पट्ट्यात, मिलिमीटरच्या काही शतांशांत उरकते. पत्त्यांचा कॅट तिरका ढकलावा तसा थरावरून थर सरकतो, आणि सरकलेल्या थरांची मिळून चिप होते. चिपकडं भिंगातून पाहिलं तर टूलवर घासलेली बाजू आरशासारखी आणि मोकळी बाजू मळकट, बारीक पायऱ्यापायऱ्यांची दिसते. त्या पायऱ्या म्हणजे पत्त्यांच्या कडा. बीड (कास्ट आयर्न) ठिसूळ, तिथं वाळल्या रानासारखी ढेकळंच निघतात, सलग चिप नाहीच.

इव्हान टिमे या रशियन अभियंत्यानं १८७० मध्ये ही घसरण मांडली. अमेरिकेत यूजीन मर्चंटनं १९४० च्या दशकात तिला गणितात बसवलं. टूलचा माथा सरळ उभा, म्हणजे रेक शून्य असेल तर मूळ जाडी भागिले चिपची जाडी हा घसरणीच्या कोनाचा टॅन्जन्ट. आपला ०.१ भागिले ०.२५ म्हणजे ०.४, कोन साधारण २२ अंश. थर किती सरकला? कोनाचा कोटॅन्जन्ट अधिक टॅन्जन्ट: २.५ अधिक ०.४, म्हणजे २.९. प्रत्येक थर स्वतःच्या जाडीच्या जवळजवळ तिप्पट सरकला, तेही सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. हेच स्टील ओढून तोडायला गेलं तर साधारण निम्म्यानं ताणून तुटतं. मर्चंटचं सूत्र सांगतं की हा कोन ४५ अंश अधिक निम्मा रेक वजा निम्मा घर्षणकोन एवढा असतो. घर्षण घटलं की कोन वाढतो, घसरणीची वाट आखूड होते, जोर कमी लागतो. सूत्र वगळलंत तरी चालेल, तेल वगळू नका: ब्रशनं कटिंग ऑइल लावून तोच कट घेतला तर तुकडा ३२ मिलिमीटरचा निघाला. चिप लांबली म्हणजे कट हलका झाला.

या चुरगाळण्याची आणखी एक खूण आहे. ३०४ च्या रॉडला लोहचुंबक चिकटत नाही, पण ट्रेमधल्या चिप्स चिकटतात. एवढ्या ओढाताणीत स्टीलच्या आतली अणूंची मांडणीच काही प्रमाणात बदलते.

आणि उष्णता. एवढं काम केलं तर ते जाणार कुठं? म्युनिकमध्ये तोफांना भोक पाडताना काउंट रम्फर्डनं बोथट टूल लावून, घोड्यांच्या जोरावर, अडीच तासांत पाणी उकळून दाखवलं होतं. १७९८ मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. उष्णता हा कुठला द्रव नाही, हे त्यातून पुढं आलं. भाच्याला आधी अंगठी टायटॅनियमची हवी होती, 'विमानाचा धातू' म्हणून. टायटॅनियमची चिप उलट फारशी जाड होत नाही, पण विमानातली मिश्रधातू उष्णता इतकी कमी वाहते की ती टूलच्या टोकाशीच अडकते. त्याच्या बारीक चिप्स पेटतातही, आणि त्यावर पाणी ओतणं म्हणजे आगीत तेल. पत्र्याच्या शेडमध्ये, मेच्या उन्हात, मी नाही म्हटलं.

माझ्या आईचं म्हणणं वेगळंच. "लोखंड शनीचं. लग्नाच्या अंगठीला कशाला लावायलास रे?" घरातलेच काही जण शनीच्या राक्षसभुवनला जाऊन येतात आणि घोड्याच्या नालेची अंगठी घालतात, तेव्हा हाच शनी प्रसन्न असतो. मी आईला एवढंच सांगितलं की माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोखंड असतंच, नवरदेव ते घेऊनच बोहल्यावर चढतो. अनामिकेची नस थेट हृदयाला जाते, हा मोबाइलवर फिरणारा निरोपही तसलाच. पाचही बोटांचं रक्त सारख्याच वाटेनं हृदयाकडं परततं.

अंगठी झाली. पार्टिंग करताना ती टपकन ट्रेमध्ये पडून कडेला चरा येऊ नये म्हणून बोअरमध्ये पेन्सिल धरली होती, तिच्यावरच ती अलगद गळली. सोनाराला दाखवली तर तो म्हणाला, "मास्तर, ही ठोकून कमी-जास्त होणार नाही." खरंय. बोट जाड झालं तर आतून दोन-चार दशांश बोअर करू, भिंत पावणेदोन मिलिमीटरची आहे, सोसेल. बारीक झालं तर दुसरी करावी लागेल. वीतभर रॉड शिल्लक आहे.