तुकडा आणि वही

गोष्ट १८९५ ची. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई उदास दिसली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, मी काही फार जगायची नाही. आमच्या घरात बहुतेक जण पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनेच जातात. वॉर्थिननी ते बोलणं मनावर घेतलं. तिच्या नातलगांची यादी केली, कोण कशानं गेलं ते टिपत राहिले आणि १९१३ मध्ये ती वंशावळ प्रसिद्ध केली. ती बाईही पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. त्या घराण्यातला नेमका दोष एमएसएच-२ नावाच्या जनुकात होता, आणि तो सापडायला २००० साल उजाडलं.

वॉर्थिनकडे वही होती. तिच्यामागचं कारण शोधायचं तंत्र नव्हतं. आजच्या बायोबँकांमध्ये, म्हणजे संशोधनासाठी रक्ताचे, गाठींचे नमुने साठवणाऱ्या संग्रहांमध्ये, बरेचदा उलटं होतं. फ्रीजर नमुन्यांनी गच्च भरलेला आणि वही अर्धी कोरी.

पण मुळात कॅन्सरच्या गाठीचा तुकडा जपायचाच कशाला? आनुवंशिक दोष तर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो. मग रक्ताची एक नळी पुरायला हवी. ती का पुरत नाही, हे अमेरिकन संशोधक आल्फ्रेड क्नूडसन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या तर्कावरून कळतं. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की गाठ व्हायला दोन तडाखे बसावे लागतात. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आनुवंशिक रुग्णात एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, दुसरी पुढे कधीतरी एखाद्याच पेशीत बिघडते आणि तिथून गाठ सुरू होते. म्हणजे रक्तात एक प्रत शाबूत दिसते आणि गाठीत एकही नाही. रक्तात एखादा अनोळखी बदल सापडला, जो घातक की निरुपद्रवी हे सांगता येत नाही (आणि असे बदल ढिगाने सापडतात), तर गाठीची साक्ष काढावी लागते. शाबूत प्रत तिथे नाहीशी झाली असेल तर संशय बळावतो. साक्ष एवढ्यावर पूर्ण होत नाही, पण खटला उभा राहतो.

कधीकधी ही साक्ष डोळ्यांना दिसते. मेणात बसवलेल्या गाठीची केसाहूनही पातळ चकती कापायची आणि एमएसएच-२ जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनाला चिकटणारं रंगद्रव्य सोडायचं. सूक्ष्मदर्शकाखाली आजूबाजूच्या निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी होतात. प्रथिन हरवलेल्या गाठीच्या पेशी मात्र निळ्याच राहतात. निळ्याभोर पट्ट्यात मध्येच एखादी तपकिरी पेशी दिसते, ती गाठीत शिरलेली निरोगी पांढरी पेशी. तीच खात्री देते की रंग नीट चढला होता.

एवढं दिसायला तुकडा नीट सांभाळलेला हवा. गाठ शरीराबाहेर आली की रक्तपुरवठा तुटतो, पण पेशी लगेच मरत नाहीत. प्राणवायूविना तगायची धडपड करत त्या कुठली जनुकं चालू ठेवायची, कुठली बंद करायची हे बदलत राहतात. गाठ तासभर टेबलावर राहिली, तर आपण कॅन्सर वाचत नसतो, ती धडपड वाचत असतो. म्हणून वाटाण्याएवढा तुकडा शक्य तितक्या लवकर उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठवतात. दुसरा तुकडा फॉर्मालिनमध्ये जातो. ते पेशींचा आकार सुरेख टिकवतं, पण डीएनएचे तुकडे पाडतं, आणि त्यात मुळात नसलेली चुकीची अक्षरंही उमटवतं. रक्ताची नळी यंत्रात गरागरा फिरवली की खाली लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे सायीसारखा पातळ पांढरा थर. आनुवंशिक डीएनए मिळतो तो या थरातून.

यातली प्रत्येक वेळ वहीत लागते: गाठ कधी निघाली, कधी गोठली, मधे कधी वितळली का. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका संग्रहाचा फ्रीजर बंद पडला, धोक्याची घंटा वाजलीच नाही आणि संशोधनासाठी दान केलेल्या सुमारे १५० मेंदूंचं नुकसान झालं. अशा अपघाताची निदान बातमी होते. पुसट झालेल्या लेबलची होत नाही, आणि माझ्या मते जास्त नमुने तिथेच वाया जातात.

वहीतली आणखी एक उणीव उशिरा ध्यानात आली. बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या बाईला सत्तरीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुरुवातीला ८५ टक्क्यांच्या आसपास धरली जाई. ती मोजली होती घरोघरी कॅन्सर असलेल्या कुटुंबांवरून, कारण अभ्यासासाठी तीच पुढे आली होती. घराण्याचा इतिहास न बघता निवडलेल्या रुग्णांवरून २००३ मध्ये हिशेब केला, तेव्हा आकडा ६५ वर आला. धोका मोजायचा तर निरोगी माणसंही वहीत हवीत. ब्रिटनच्या यूके बायोबँकेने २००६ ते २०१० या काळात चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या सुमारे ५ लाख लोकांचं रक्त साठवलं आणि त्यांच्या तब्येतीच्या नोंदींवर ती आजही लक्ष ठेवून आहे.

आता नमुन्यात काही सापडलं तर? आइसलँडमध्ये कॅन्सरचा धोका वाढवणारा, बीआरसीए-२ या जनुकातला एक विशिष्ट दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. २०१८ मध्ये तिथे संकेतस्थळ उघडलं: तो दोष आपल्यात आहे का हे ज्याला जाणून घ्यायचं, त्याने स्वतः विचारावं. बायोबँकेच्या संमतिपत्रातही बहुधा असा एक रकाना असतो: ‘आरोग्याशी संबंधित काही आढळल्यास मला कळवावे, होय किंवा नाही.’ खूण एकच माणूस करतो. ते उत्तर मात्र त्याच्या बहिणीलाही लागू होऊ शकतं, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.