लहान मुलाची साक्ष: अविश्वास कुठून आला

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात सहा-सात वर्षांचं मूल साक्षीला आलं, की न्यायाधीश आधी साधे प्रश्न विचारतात. नाव काय, कितवीत आहेस, खोटं बोललं तर काय होतं? मुलाला प्रश्न कळतात का, एवढंच त्यातून पाहायचं असतं. साक्षीदाराचं किमान वय आपल्या कायद्याने कधीच ठरवलं नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम ११८ ची कसोटी समजुतीची होती आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये तीच आहे. तिचं मूळ इंग्लंडमधल्या १७७९ च्या ब्रेझियर खटल्यात सापडतं. शपथेची अट आपल्याकडे नंतर सैल झाली: १९६९ च्या कायद्यानुसार बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ कळत नसली तरी साक्ष घेता येते.

तरीही ‘मूल पढवलेलं आहे’ हा बचाव पक्षाचा युक्तिवाद टिकून आहे. त्यामागे विज्ञानही आहे. १९११ मध्ये बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ व्हारेंडोंक यांनी एका वर्गातल्या सात वर्षांच्या मुलांना शिक्षकाच्या दाढीचा रंग विचारला. बहुतेकांनी काळा सांगितला. शिक्षकाला दाढीच नव्हती! मुलं भरवशाची नाहीत, याचा दाखला म्हणून हा प्रयोग सांगितला जातो. मला तो विचारणाऱ्याविरुद्धचा पुरावा वाटतो, कारण दाढी प्रश्नातच होती.

आपली न्यायालयं हळूहळू याच बाजूला आली. साक्ष विश्वासार्ह असेल तर केवळ बालसाक्षीदाराच्या शब्दावरही शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खुनाच्या खटल्यात सात वर्षांच्या मुलीची साक्ष ग्राह्य धरताना न्यायालय आणखी पुढे गेलं: काही भाग पढवलेला निघाला तरी उरलेला भाग वेगळा काढता आला, तर तो विचारात घेता येतो.

विचारायचं कसं, हे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लिहून ठेवलं: पोलीस गणवेशात नकोत, मुलाला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलवायचं नाही, उलटतपासाचे प्रश्नही न्यायाधीशांमार्फतच जायचे. पण हा कायदा लैंगिक गुन्ह्यांपुरता आहे. डोळ्यांदेखत आईचा खून पाहिलेल्या मुलाला त्याचा थेट आधार नाही.

सोलापुरात भाषेचा प्रश्नही आहे. पूर्व भागातलं मूल घरात तेलुगू बोलतं, शहरात इतरत्र कानडी आणि उर्दू बोलणारी घरं आहेत, आणि जबाब उतरतो मराठीत. पॉक्सो सांगतो, मूल बोलेल तसंच लिहा, गरज पडली तर दुभाषी घ्या. दुभाषी म्हणून शेजारीण किंवा मावशी बसली, तर पढवल्याचा आरोप तिथेच तयार होतो. आणि मुलाचा एखादा शब्द भाषांतरात बदलला, तर पुढे उलटतपासात तीच ‘विसंगती’ म्हणून मुलासमोर ठेवली जाते. म्हणून तटस्थ, प्रशिक्षित दुभाषी पहिल्या जबाबापासूनच हवा.