नवऱ्याचं युद्ध, बायकोचा पहारा

झोपलेल्या नवऱ्याला हात लावून उठवायचं नाही, लांबूनच नावाने हाक मारायची. व्हिएतनामहून परतलेल्या अनेक अमेरिकी सैनिकांच्या बायका हे पहिल्या वर्षभरातच शिकल्या. आता ते नवरे सत्तरीपलीकडे गेलेत. त्यातल्या ज्यांना स्मृतिभ्रंश झाला, त्यांना कधी कधी बायकोचीही ओळख पटत नाही. कालपरवाच्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या टिकतात, आणि आयुष्यभर दाबून ठेवलेली भीती आवरायची ताकद उरत नाही.

युद्धाने मनावर केलेल्या या जखमेला नाव मिळायलाच उशीर झाला. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ (तोफगोळ्यांचा धक्का) हा शब्द ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणला. पुढे ‘कॉम्बॅट फटीग’, म्हणजे जणू विश्रांती घेतली की जाणारा थकवा! पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनात टिकून राहणारा आघात, हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं 1980 मध्ये. तोवर घरात त्याला तापटपणा किंवा दारू म्हणत.

2010 मध्ये सुमारे 1,81,000 अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे 55 किंवा त्याहून जास्त वयाचे. सात वर्षांत पीटीएसडी असलेल्यांपैकी 10.6 टक्क्यांना स्मृतिभ्रंश झाला, नसलेल्यांत 6.6 टक्क्यांना. एकामुळे दुसरं होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण सांभाळणाऱ्या बाईच्या वाट्याला दोन्ही येतात.

त्याच वर्षी घरच्या शुश्रूषेसाठी दरमहा भत्ता देणारा कायदा झाला. अट अशी, की इजा 11 सप्टेंबर 2001 नंतरची हवी. चाळीस वर्षं निस्तरणाऱ्या बायका बाहेरच! 2018 च्या कायद्याने दार उघडलं, पण संगणक यंत्रणा तयार नाही म्हणून व्हिएतनामवाल्यांची पाळी यायला ऑक्टोबर 2020 उजाडला. आखाती युद्धवाले आणखी दोन वर्षं थांबले. वर सेवेमुळे आलेलं अपंगत्व किमान 70 टक्के हवं. म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश सेवेशी जोडून दाखवता आला नाही, तर तो त्यात धरत नाहीत.

घरी दिल्या जाणाऱ्या सेवेवर सरकार वृद्धाश्रमाच्या खर्चाच्या 65 टक्क्यांपर्यंतच खर्च करत असे. ही मर्यादा जानेवारी 2025 मध्ये 100 टक्क्यांवर नेली. त्या कायद्याला नाव आहे एलिझाबेथ डोल यांचं. त्या माजी सेनेटर, आणि दुसऱ्या महायुद्धात जबर जखमी झालेल्या बॉब डोल यांच्या पत्नी. बॉब डोल 2021 मध्येच गेले होते.