स्मारक-संरक्षण व अभिलेखन, भारतातील

प्राचीन वास्तू, लेणी, शिलालेख व भूमिगत अवशेष यांची हानी रोखणे आणि आहे त्या स्थितीत त्यांची तपशीलवार नोंद ठेवणे, ही या कार्याची दोन अंगे होत.

या कार्याला कायद्याचा आधार केव्हा मिळाला, याविषयी मतभेद आहेत. बंगालचा १८१० चा व मद्रासचा १८१७ चा विनियम हा प्रारंभ मानण्याची प्रथा आहे. परंतु त्यांचा रोख मुख्यतः देवस्थानांची उत्पन्ने व सार्वजनिक इमारती यांच्या गैरवापराकडे होता. १८६३ च्या अधिनियमाच्या तेविसाव्या कलमात प्राचीनत्व, इतिहास वा वास्तुकला या दृष्टींनी महत्त्वाच्या इमारती राखण्याचा सरकारचा अधिकार नमूद आहे, जरी तो अधिनियम मुळात धार्मिक देणग्यांविषयीचा असला तरी. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे १८६१ पासूनचे प्राचीन अवशेषांचे सर्वेक्षण प्राधान्याने शोध व वर्णन यांसाठी होते. म्हणून कल्पनेचा उगम १८६३ मध्ये आणि प्रत्यक्ष व्यवस्थेचा लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीतील १९०४ च्या प्राचीन स्मारक परिरक्षण अधिनियमात मानणे अधिक सयुक्तिक दिसते. सध्या १९५८ चा अधिनियम लागू असून २०१० च्या दुरुस्तीनुसार रक्षित स्मारकाभोवतीचे किमान १०० मीटर क्षेत्र बांधकामास निषिद्ध, तर त्यापुढील किमान २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगीनेच बांधकाम करता येईल असे, असते.

अभिलेखनाचे मोल अजिंठ्याच्या उदाहरणातून विशेष कळते. रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर केलेल्या भित्तिचित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी यांनी १८७२–८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत नष्ट झाल्या. मूळ चित्रांचे रंग त्यानंतरही झडत गेल्याने उरलेल्या प्रती आज प्रथम दर्जाचा पुरावा ठरतात. याउलट १९२०–२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले. नंतर काढून टाकता येईल असेच द्रव्य वापरावे, या आजच्या दंडकामागे असे अनुभव आहेत.

उत्खननात खणलेला स्तर पुन्हा मिळत नाही. त्यामुळे छेदचित्रे (खड्ड्याच्या उभ्या बाजूवर दिसणाऱ्या थरांची रेखाचित्रे), मोजमापे व छायाचित्रे हाच त्याचा उरलेला पुरावा असतो. नागार्जुनसागर धरणाखाली गेलेल्या नागार्जुनकोंडा खोऱ्यात १९५४ पासून व्यापक उत्खनन करून निवडक वास्तू जवळच्या टेकडीवर, म्हणजे आताच्या बेटावर, पुन्हा उभारण्यात आल्या. शिलालेखांसाठी ओल्या कागदावर शाईने ठसा घेण्याची पद्धत आजही रूढ आहे. राज्य-संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्रात १९६० चा स्वतंत्र अधिनियम आहे.